तीन ठिपक्यांचं खोकं

१

बुधवारी संध्याकाळी शाळेतून आले तर आमच्या दारात अर्धी वाडी उभी. कोण गेलं?

गेलं होतं एक खोकं. पण मंडळींचे चेहरे माणूस गेल्यासारखेच होते, कारण त्या खोक्यात तेरेसाचा लग्नाचा झगा होता.

तेरेसा म्हणजे शेजारच्या पर्पेच्युआ आंटीची मुलगी. म्हापशाला नर्स आहे, तिथलाच मुलगा, आणि येत्या शनिवारी तिथल्याच चर्चमध्ये लग्न. झगा मात्र आंटीने इथे मरोळला स्वतः शिवला. पाऊस गेल्यापासून शिवत होती. बाह्यांवर मोती, मागे हा एवढा लांब घोळ, आणि गळ्याला अशी लेस की बघतच राहावं. वाडीतली एक बाई अशी नसेल जी तो बघायला गेली नाही. मी किती वेळा गेले ते सांगत नाही.

पण तो म्हापशाला न्यायचा कसा? एसटीत कोंबला तर मोती तुटणार, घोळाची वाट लागणार. आंटीची झोप उडाली. तेव्हा आमचे बाबाच म्हणाले होते, "आमच्या गोदामातनं पाठवा. मोठ्या सपाट खोक्यात घालू. गोव्याचा ट्रक मीच भरतो. माझ्या हातानं ठेवीन, सगळ्यात वर."

बाबांचं नाव काशीराम. पूर्वी गिरणीत होते, तिथे कापलेल्या अंगठ्यावर अजून आडवी रेघ आहे. संप झाला, गिरणी गेली, आणि बरीच वर्षं इकडेतिकडे केल्यावर आता एमआयडीसीतल्या एका मालवाहतुकीच्या गोदामात ट्रक भरायला लागलेत. दिलेला शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काय असतो ते मला ठाऊक आहे. मला सर्कसला न्यायचं कबूल केलं होतं तर ताप असताना घेऊन गेले.

आणि आज म्हापशाहून तेरेसाचा ट्रंककॉल आला. ट्रक पोचला. खोकं नाही.

"काशीराम, मला एवढंच सांग," आंटी म्हणत होती, "तू ते ट्रकात ठेवलंस ना?"

"नाही ठेवलं," बाबा म्हणाले. "माझ्याकडे आलंच नाही. मला वाटलं, पॅकिंग राहिलं असेल, उद्याच्या ट्रकाला येईल."

"राह्यला खंय?" मालनमावशी एकदम पुढे आली. "सोमवारी माझ्या हातान पट्ट्यार ठेवलंय मी ता!"

मालनमावशी आमच्या पलीकडच्या खोलीत राहते, मूळची आमच्याच मालवणकडची. बाबांच्याच गोदामात खोक्यांना लेबलं चिकटवून ती पळत्या पट्ट्यावर ठेवते आणि अख्ख्या वाडीवर जीव टाकते. गेल्या महिन्यात मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले (होय, पहिली, अंधेरीतल्या सगळ्या शाळांमधून!) तेव्हा तिने माझ्या कानामागे करंगळीने काजळाची तीट लावली होती आणि मी दिवसभर केसांनी ती झाकत हिंडले होते. ती खोटं बोलणार नाही. बाबा खोटं बोलणार नाहीत.

मग खोकं गेलं कुठे?

तेवढ्यात गर्दीतून बाबांच्या गोदामातले धाकूकाका म्हणाले, "काशीराम, शेठचा निरोप आहे. शुक्रवारी सकाळपर्यंत खोकं मिळालं नाही, तर तुझी नोकरी गेली. वर पोलीस."

२

गुरुवारी मी शाळेला दांडी मारली आणि बाबांच्या मागे मागे गोदामात गेले. बाबा म्हणाले, "तू काय करणार तिथं?" मी म्हटलं, "शोधणार." ते हसले नाहीत, याचंच मला बरं वाटलं.

गोदामात काय चालतं ते आधी सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखा गोंधळ होईल. पूर्वी तिथे एक माणूस खोक्यावरचा पत्ता मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ती खोकी उचलून त्या त्या ट्रककडे न्यायचे. मग गेल्या दिवाळीत शेठने नंदूसाहेबांना आणलं. पवईहून इंजिनीअर होऊन आलेले, मिशी अजून धड फुटलेली नाही, पण त्यांनी बनवलेलं मशीन म्हणजे झकास! एक रबरी पट्टा सारखा पळत असतो. त्याच्यावर, ट्यूबलाइटच्या मधोमध, एक कॅमेरा खाली बघत टांगलेला. सगळे त्याला 'डोळा' म्हणतात. मालनमावशी प्रत्येक खोक्यावर पांढरा कागद चिकटवते आणि त्यावर काळ्या शाईचे ठिपके उठवते. एक ठिपका पुणे, दोन नाशिक, तीन गोवा, चार कोल्हापूर. खोकं डोळ्याखालून गेलं की कॉम्प्युटर ठिपके मोजतो आणि पुढे एक लोखंडी दांडा खोक्याला ढकलून बरोबर त्या घसरगुंडीवर सोडतो. कामगारांनी दिलेलं नाव हं ते, घसरगुंडी. तिसरीच्या खाली बाबा उभे असतात, चौथीच्या खाली धाकूकाका.

भिंतीवर एक पाटी आहे, तिच्यात लाल दिव्यांचे आकडे. आत किती खोकी गेली, खाली किती उतरली.

"सोमवारी दोन्ही आकडे जुळले होते," नंदूसाहेब मला म्हणाले. चिडलेले नव्हते, उलट वर्गात समजावतात तसे सांगत होते. "म्हणजे खोकं मध्ये कुठे अडकलं नाही, पडलं नाही. आत गेलेलं प्रत्येक खोकं खाली उतरलं."

"पण बाबा म्हणतात..."

"हे बघ, मालनबाईंनी तीन ठिपके उठवले?"

"हो," मालनमावशी लांबूनच ओरडली.

"तीन ठिपक्यांचं खोकं तिसऱ्या घसरगुंडीवर जाणार. मशीनला काय, त्याला मुलगी नाही, लग्न नाही, झगा घेऊन ते काय करेल?" मग ते जरा अडखळले. "तिसऱ्या घसरगुंडीच्या खाली त्या दिवशी कोण होतं, ते तुलाच माहीत आहे."

त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. एकही कडी सुटत नव्हती. मी वळून बाबांकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण बाबांनी ते वाचलं.

ते घरात माझ्याशी मराठीतच बोलतात, साध्या, शाळेतल्यासारख्या. मालवणी फक्त आजीशी. पण तेव्हा ते हळूच म्हणाले, "माणिक, तुका पण तसाच वाटता?"

३

नाही वाटत! मी मनात इतक्या जोरात म्हटलं की गोदामात ऐकू गेलं असेल. बाबांनी घेतलं नाही. मग दुसऱ्या कोणीतरी घेतलं. मशीनला हात लावू शकणारा माणूस एकच. नंदूसाहेब.

मी त्यांच्या टेबलाशी गेले तशी त्यांनी पायानेच काहीतरी आत सरकवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी पेन्सिल पाडली आणि ती उचलायला वाकले (हे आमच्या वर्गातल्या मुलांकडून शिकले) आणि ते पुडकं ओढून बाहेर काढलं.

"अगं, नको, ते..."

आत झगा नव्हता. आत चिकट कागद होते, आणि प्रत्येक कागदावर मेलेल्या माशा. शी!

नंदूसाहेबांचे कान लाल झाले. "हळू बोल," ते म्हणाले, खरं तर मी काहीच बोलले नव्हते. "शेठला कळलं तर मशीन भंगारात आणि मी घरी."

मग त्यांनी सांगितलं. संक्रांत जवळ आली की कोल्हापूरचा गूळ येतो, आणि गुळाबरोबर माशा. मागच्या आठवड्यात पुण्याचं एक खोकं नाशिकच्या घसरगुंडीवर गेलं. एकच ठिपका होता, पण नेमकी डोळ्याखाली असताना पांढऱ्या कागदावर माशी बसलेली.

"माशीला ठिपका समजला?" मी हसतच सुटले.

"त्याला ठिपका म्हणजे काय, माशी म्हणजे काय, हे कळत नाही गं. आपण बघतो तेव्हा ओळखतो. तो ओळखत नाही. पांढऱ्या कागदावर काळे डाग किती, एवढंच मोजतो. कागदाच्या बाहेर काय आहे तेही बघत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे झग्याच्या खोक्यावर माशी बसली! तीन अधिक माशी, चार! मी ते ओरडणारच होते, पण नंदूसाहेबांनी मान हलवली.

"त्यासाठीच तर पंखा आणला. तो बघ, डोळ्याच्या बाजूला. सोमवारी पूर्ण जोरात चालू होता. माशी सोड, मालनबाईंना पदर सांभाळावा लागत होता. एक माशी टिकली नसती."

मी मालनमावशीकडे धावले. "मावशी, चुकून चौथा ठिपका उठला का गं?"

तिने पत्र्याचा तुकडा माझ्या नाकासमोर धरला. प्रत्येक गावाचा वेगळा पत्रा, त्याला तेवढीच भोकं, वरून शाईचा बोळा फिरवायचा. गोव्याच्या पत्र्याला भोकं तीन.

"भोकाच तीन आसत, तर चौथो येतलो खंयसून?" ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "माझ्या तेरेसाचा काम, मी चुकवीन?"

माशी नाही, शाई नाही. तीन म्हणजे तीनच. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आणि त्याच वेळी मला दिसलं की चौथ्या घसरगुंडीमागे धाकूकाका घाईघाईने पिशवीत काहीतरी कोंबतायत. पिशवीच्या तोंडातून पांढरीशुभ्र साटीन बाहेर लोंबत होती.

४

इथे मी जे केलं ते सांगायला आवडत नाही, पण गोष्टीत आहे म्हणून सांगते.

जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे डबे उघडून बसलेले. मी मधोमध उभी राहिले, स्पर्धेत राहिले होते तशी, मान ताठ, आणि म्हटलं, "धाकूकाका, पिशवी उघडा."

"काय?"

"पिशवी. सगळ्यांसमोर."

धाकूकाका बाबांचे गिरणीपासूनचे दोस्त. संपात एकाच चुलीवरचं जेवलेले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, "माणिक, बस खाली." मी बसले नाही.

धाकूकाकांनी पिशवी उलटी केली. त्यातून पडला एक फ्रॉक. माझ्या हाताच्या पंजाएवढा. साटीनचा, लेस लावलेला.

"नातीचं बारसं आहे रविवारी," ते म्हणाले. "पर्पेच्युआबाईंनी उरलेले तुकडे दिले, माझ्या बायकोनं, शेवंतीनं, जोडून शिवलं. खिसेकापूसारखं लपवत होतो, कारण आज इथं पांढरं काही दिसलं की लोक काय म्हणतील ते मला माहीत होतं. फक्त पहिली म्हणणारी तू असशील असं वाटलं नव्हतं."

कोणी घास खाईना.

"वक्तृत्वात पहिली आलीस ना? चांगलं बोलता येतं म्हणून कुणालाही चोर म्हणायचं?"

मला जमिनीने गिळलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. मी फ्रॉक उचलला, झटकला, घडी केली, त्यांच्या हातात दिला. "चुकले काका," म्हटलं.

फ्रॉक पिशवीत ठेवून ते म्हणाले, "बस. भाकरी खा." मग, माझ्याकडे न बघता, "आणि तुला विचारायचंच असेल तर सरळ विचार. माझ्याकडे डोळा जे पाठवतो ते मी भरतो. वर पत्ता कुठला, नाव कुणाचं, बघत नाही. पहिले वाचायचो, तर शेठ बोंबलायचा, पट्टा थांबतो म्हणून. आता कोणच वाचत नाय."

मी भाकरी तोंडात तशीच धरून राहिले. कोणच वाचत नाही. म्हणजे कोल्हापूरच्या ट्रकात दुसऱ्या गावाचं खोकं चढलं तरी कोणाला कळणार नाही! पाटीवर फक्त एकूण आकडा. कोणतं खोकं कुठे उतरलं याचा हिशेबच नाही. आकडे जुळणारच की!

पण त्यासाठी चौथा ठिपका हवा. आणि चौथा ठिपका येणार कुठून? माशी नाही. शाई नाही. मी पुन्हा त्याच भिंतीवर डोकं आपटलं.

५

दुपारी मी वाडीत परत आले. पर्पेच्युआ आंटी शिवणाच्या मशीनपुढे बसली होती. शिवत नव्हती, नुसती बसली होती. उद्या सकाळची एसटी होती तिची.

"तेरेसाला काय सांगू?" ती म्हणाली. "भाड्याचा झगा मिळतो म्हणे तिकडे. कुणी कुणी घातलेला." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या बाबावर माझा संशय नाही गं पोरी. जेजूची शपथ. मी शेठलापण तेच सांगितलं. तो म्हणतो, आंटी, तुमचा विश्वास आहे, पण माझं मशीन तसं सांगत नाही."

मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी शिवणमशीनकडे बघत राहिले. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, आंटी रोज पुसते, आरशासारखं चकचकीत. फक्त हाताच्या चाकाजवळ, पांढऱ्या रंगाच्या पट्टीवर, एक छोटा काळा ठिपका.

"आंटी, ऑइल लागलंय." मी बोटाने पुसायला गेले.

तिने माझा हात धरला. "ते नको पुसू. मालनने लावलंय. मशीन घेतलं तेव्हा सगळे बघायला आले, तर ही काजळाची डबी घेऊन हजर. मी म्हटलं, अगं मी क्रॉस काढते त्याच्यावर. तर म्हणते, क्रॉस पण असू दे, तीट पण असू दे." आंटी एवढ्या दुःखात किंचित हसली. "पुसट झालं की परत लावून जाते. तिला चांगलं काही दिसलं की हात शिवशिवतो."

मी आंटीच्या मशीनवरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिले. छोटा, गोल. माशीएवढा. माझ्या कानामागे होता तेवढा. पांढऱ्यावर काळा.

वाडीतली एकूण एक बाई झगा बघून गेली होती. प्रत्येकीने हाय काय सुंदर म्हटलं होतं. आणि मालनमावशीने तो सगळ्या गावाची नजर लागलेला झगा पट्ट्यावर ठेवायच्या आधी...

"आई गं!" मी ओरडले. आंटी दचकली. मी तिच्या फळीवरची काजळाची डबी उचलली आणि पळाले.

६

मालनमावशी गोदामाच्या नळाशी हात धूत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, खोक्यावर तीट लावलीस?"

"मगे? लावतलंय नाय?" ती सहज म्हणाली. "इतक्या जणांची दिष्ट पडली हुती त्या झग्यार."

"कुठे लावलीस? पुठ्ठ्यावर?"

"पुठ्ठ्यार कशी दिसात? पांढऱ्या कागदार, कोपऱ्यात. गालार लावतत तशी."

मी तिला सांगितलं. हळू सांगितलं, माशीपासून. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला, आणि मला एकदम कळलं की मी काय करतेय. बाबांना सोडवायचं तर हे शेठसमोर बोलावं लागणार, आणि बोललं की नोकरी मावशीची जाणार. तिचा एकटीचा संसार. दोन पोरं.

मी तिचं नाव घेणार नव्हते. तेवढं ठरवून मी शेठच्या खोलीत गेले.

शेठ पट्ट्याजवळ आला तो वैतागलेलाच. "ए छोकरी, जल्दी बोल. धंद्याचा टाइम आहे." नंदूसाहेब, बाबा, धाकूकाका, सगळे जमले. मी एक रिकामं खोकं घेतलं. पांढरा कागद चिकटवला. गोव्याचा पत्रा, शाईचा बोळा, तीन ठिपके.

"मोजा, शेठ."

"तीन. मग?"

पट्टा चालू झाला, खोकं डोळ्याखालून गेलं, दांड्याने ढकललं, तिसरी घसरगुंडी. बाबांच्या पायाशी.

"पंखा चालू आहे ना, नंदूसाहेब? माशी नाही ना?" मी म्हटलं.

"माशी? माशी कुठून आली?" शेठने विचारलं. नंदूसाहेब खोकले.

मी तेच खोकं परत आणलं. डबी उघडली, करंगळी बुडवली आणि कागदाच्या कोपऱ्यात टेकवली. मनातल्या मनात देवाला म्हटलं, आता पोपट नको करूस रे.

खोकं डोळ्याखाली गेलं. तिसरी घसरगुंडी आली. दांडा हलला नाही. खोकं तसंच पुढे गेलं, आणि धाडकन चौथीवरून उतरलं ते धाकूकाकांच्या पुढ्यात.

"आयला!" धाकूकाका म्हणाले.

"बाबांनी खोकं बघितलं नाही, कारण ते त्यांच्याकडे आलंच नाही," मी म्हटलं. "आकडे जुळले, कारण ते खाली उतरलं, पण चौथीवर. धाकूकाकांनी ते भरलं, कारण पत्ता वाचायचा नाही असा हुकूम आहे. झगा कोल्हापूरला आहे, शेठ. कोणी चोरलाच नाही. कोणीतरी त्याला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली, एवढंच."

"कोणी? कोणी लावला?"

मी डबीचं झाकण लावलं. नंदूसाहेब त्यांच्या बुटांकडे बघत होते. पट्टा नुसताच पळत होता.

"मी," मागून आवाज आला. मालनमावशी डोक्यावर पदर घेऊन उभी. "मीच लावलंय, शेठ. काशीरामाक कायेक बोला नको. माका काढा."

शेठने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी नंदूसाहेब बोलले, आणि एवढ्या मोठ्याने की त्यांचेच कान पुन्हा लाल झाले. "मग मलापण काढा. आणि ती माशीपण काढा. मागच्या आठवड्यात माशीने हेच केलं आणि मी तुमच्यापासून लपवलं. बाईंना काय माहीत, डोळ्याला तीट आणि ठिपका यातलं काही कळत नाही ते? मला माहीत होतं. मी कोणालाच सांगितलं नाही."

शेठ त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग बाबांकडे वळला. शेवटी म्हणाला, "अरे, बघता काय? कोल्हापूरला फोन लावा!"

फोन लागायला जीव गेला. पर्पेच्युआ आंटीलाही बोलावून आणलं. नंदूसाहेब रिसीव्हरमध्ये ओरडत होते, "मोठं! सपाट! वर म्हापसा लिहिलंय!" मग थांबले. त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"काय म्हणतो?" आंटीने छातीवर क्रॉस काढत विचारलं.

"म्हणतो, आहे ना, इथेच आहे. कुणाचं ते कळेना म्हणून ठेवलंय." त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "म्हणतो, मी त्याच्यावरच बसून बोलतोय."

"उठव त्याला!" आंटी किंचाळली. अशी किंचाळली की फोनशिवायही कोल्हापुरात ऐकू गेलं असावं.

७

कोल्हापूर ते म्हापसा म्हणजे घाट उतरला की झालं. गोव्याकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत खोकं चढलं आणि शुक्रवारी दुपारी आंटीची एसटी पोचायच्या आधी ते तेरेसाच्या दारात होतं. मोती शाबूत. घोळाला थोडी चुणी. फक्त गुळाच्या पोत्यांमध्ये राहिल्याने झग्याला वास लागला होता. आंटी परतल्यावर सांगत होती, संक्रांतीच्या दिवशी तेरेसा चर्चमध्ये आली तर पुढच्या बाकावरची पोरं नाकं वर करून लाडू शोधत होती.

मालनमावशीने आंटीच्या पाया पडायचा प्रयत्न केला. आंटीने तिला धरून उभं केलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या गालाला लाव, पण झग्याच्या खोक्याला नको." मग दोघी हसल्या आणि रडल्या, सगळं एकदमच. त्यात हसू किती आणि रडू किती ते मला सांगता येणार नाही.

गोदामातून कोणालाच काढलं नाही, माशीलासुद्धा नाही. शेठने हुकूम काढला की घसरगुंडीखालच्या माणसाने खोक्यावरचा पत्ता वाचायचाच, पट्टा थांबला तर थांबला. तो हुकूम त्याने बाबांना बोलावून, सगळ्यांसमोर सांगितला. माफी मागितली नाही. पण चहा मागवला, आणि पहिला कप बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो आधी धाकूकाकांना दिला.

रविवारी मी बारशाला गेले, तोंड भरून त्या फ्रॉकचं कौतुक केलं. धाकूकाका म्हणाले, "वक्तृत्व आवर आता."

परवा बाबांचा डबा द्यायला गोदामात गेले होते. नंदूसाहेब डोळ्याला नवीन काहीतरी शिकवत होते, डाग केवढा असला तर मोजायचा आणि केवढा असला तर सोडून द्यायचा. मी कॅमेऱ्याच्या मागे गेले, सहज. तिथे त्याच्या लोखंडी दांडीवर, जिथून त्याला कधीच काही दिसणार नाही अशा जागी, काजळाचा एक काळा ठिपका होता.

मी मालनमावशीला विचारलं. तिने कानावर हात ठेवले. आता तिने मशीनच्या आसपास काजळ आणायचं सोडलंय.

मग मी तो ठिपका नीट बघितला. करंगळीचा नव्हता. चांगला रुंद, अंगठ्याचा, आणि त्यात एक आडवी रेघ होती, गिरणीत असताना कापलेल्या अंगठ्यावर असते तशी.

बाबा तिसऱ्या घसरगुंडीखाली उभे राहून मोठ्याने एक पत्ता वाचत होते. मी डबा ठेवला आणि काही बोलले नाही.